इनोव्हाचा सांगाडाच बदलला!

2005 मध्ये क्वालिसच्या जागी आलेली इनोव्हा म्हणजे शिडीसारख्या चासीवर बसवलेली, मागच्या चाकांवर पळणारी दणकट गाडी. नोव्हेंबर 2022 मध्ये टोयोटाने भारतात इनोव्हा हायक्रॉस दाखवली आणि हे सगळं मोडीत काढलं: बॉडी-चासी एकसंध, ताकद पुढच्या चाकांना.

लांबी आधीच्या इनोव्हा क्रिस्टापेक्षा जेमतेम 20 मिमी जास्त, पण व्हीलबेस 100 मिमीने वाढून 2850 मिमी झाला. तिसऱ्या रांगेतल्या काकांचे गुडघे दुवा देतील! हायब्रिडमध्ये 2 लिटरच्या पेट्रोल इंजिनाला इलेक्ट्रिक मोटरची जोड आहे. मायलेजचा कंपनीचा दावा लिटरला 23.24 किमी. ब्रेक दाबला की बॅटरी भरते, त्यामुळे तुंबलेल्या ट्रॅफिकमध्ये गाडी बराच वेळ इंजिन बंद ठेवून सरकते.

दिसण्याबाबत मात्र मतं फुटतात. पुढून एसयूव्हीचा आव, उंच बॉनेट, भली मोठी जाळी. बाजूने पाहिलं की मिनीव्हॅन ती मिनीव्हॅनच. सोंग थोडं कमी असतं तरी चाललं असतं.

डिझेल इंजिन नाही, हे जुन्या चाहत्यांचं खरं दुखणं. त्यांच्यासाठी टोयोटाने 2023 मध्ये डिझेल क्रिस्टा पुन्हा बाजारात आणली. घाटात भरलेली गाडी रोज चढवायची असेल तर तीच घ्या. शहरात फिरायचं असेल तर हायक्रॉस.