चाचण्यांचं गणित : सहाचा अडसर

सॉफ्टवेअरच्या चाचण्यांची संख्या कमी करणाऱ्या माधव फडके यांची बेल लॅब्समधली हकिगत आज सांगणार होतो. ती पुढच्या आठवड्यावर टाकतोय. सोलापूरच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने इतका नेमका प्रश्न पाठवला आहे, की त्याची बोळवण दोन ओळींत करणं जिवावर येतं.

बस-तिकिटाचं अ‍ॅप उदाहरणाला घ्या, ते तपासायचं आहे. मराठी, तेलुगू, कन्नड या तीन भाषा. तीन प्रकारचे फोन, पैसे भरायचे तीन मार्ग, तीन प्रकारचे प्रवासी. सगळे मेळ ८१, पण कुठल्याही दोन बाबींची प्रत्येक जोडी एकदा तरी तपासली गेली पाहिजे, एवढीच अट ठेवली तर ९ चाचण्यांत काम होतं. तिने विचारलं, ‘चारही बाबींना सहा-सहा पर्याय असतील तर सहा गुणिले सहा, म्हणजे ३६ चाचण्या पुरतील का?’

नाही पुरत. ३७ लागतात. त्या एका जादा चाचणीमागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

आधी ९ आले कुठून ते पाहा :

क१ ख२ ग३
ख३ ग१ क२
ग२ क३ ख१

कुठल्याही आडव्या किंवा उभ्या रांगेत ना अक्षर दोनदा येतं, ना आकडा. शिवाय अक्षर-आकड्याची प्रत्येक जोडी चौरसात एकदाच येते. आडवी रांग, उभी रांग, अक्षर आणि आकडा या आपल्या चार बाबी. नऊ घरं म्हणजे नऊ चाचण्या. सहाचा असा दुहेरी चौरस असता तर ३६ चाचण्या नक्की पुरल्या असत्या. तो नाहीच! १७८२ मध्ये गणितज्ञ ऑयलरला तो सापडला नाही, आणि १९०० च्या सुमारास अल्जीरियात सरकारी नोकरी करणाऱ्या गास्ताँ तारी यांनी सहाचे नुसत्या अक्षरांचे ९,४०८ मूळ चौरस १७ कुळांत वाटून, हाताने तपासून, तो असूच शकत नाही हे सिद्ध केलं.

पण ऑयलर यापुढे गेला होता. ६, १०, १४, १८, २२... चाराने भागल्यावर बाकी दोन उरणाऱ्या कुठल्याच संख्येचा दुहेरी चौरस बनणार नाही, असा त्याचा अंदाज होता. १९५९ मध्ये तो मोडला. मोडणाऱ्या तिघांपैकी एक आपले गणितज्ञ शरदचंद्र शंकर श्रीखंडे. जन्म १९१७ चा, सागरचा, नागपुरात शिकवलेलं. अमेरिकेत चॅपल हिलला राजचंद्र बोस यांच्याबरोबर त्यांनी २२ चा चौरस उभा केला. त्यातली युक्ती मला आजही फार आवडते, म्हणून जरा तपशिलात जातो.

पंधरा मुली रोज तिघी-तिघींच्या पाच गटांत फिरायला जातात. सात दिवसांत प्रत्येक दोघी एकदाच एका गटात येतात. हे गणितज्ञ कर्कमनचं १८५० चं कोडं. एकूण गट ३५. आता सात नव्या मुली घ्या, प्रत्येक दिवसासाठी एक. त्या दिवसाच्या पाचही गटांत तिला घाला. गट चौघींचे झाले. उरल्या त्या सात नव्या मुलींच्या आपसातल्या जोड्या, म्हणून त्या सातजणींचा एक वेगळा गट करा. मुली झाल्या २२, आणि कुठल्याही दोघी नेमक्या एकाच गटात! ४ चे आणि ७ चे दुहेरी चौरस आधीपासून माहीत होतेच. कर्णावरची घरं जुळवून घेतली की हे छोटे चौरस सांधून २२ चा चौरस तयार होतो.

२२ पर्यायांच्या चार बाबी असतील तर सगळे मेळ होतात २,३४,२५६. या चौरसामुळे चाचण्या पुरतात ४८४. तेव्हा हा उपयोग कुणाच्या मनातही नव्हता.

पाठोपाठ तिघांपैकी तिसरे, पार्कर, यांनी १० चा चौरस दिला, आणि तिघांनी मिळून दाखवलं की २ आणि ६ सोडले तर ऑयलर सर्वत्र चुकला होता. २६ एप्रिल १९५९ ला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे १९६३ मध्ये मुंबई विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख झाले आणि २०२० मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी गेले. सोलापुरातून पुण्याला टेस्टिंगच्या नोकरीसाठी जाणाऱ्या मुला-मुलींना ‘ऑर्थोगोनल अ‍ॅरे’ (दुहेरी चौरसासारख्या मांडणीतून निघणारा चाचण्यांचा तक्ता) हे नाव ठाऊक असतं, श्रीखंड्यांचं नसतं. ते अभ्यासक्रमात यायलाच हवं.

आता पुन्हा ३७ कडे. टेस्टिंगवाल्याला जोडी ‘नेमकी एकदा’ नको असते, ‘निदान एकदा’ चालते. काही जोड्या दोनदा येऊ दिल्या की सहाचा अडसर एका जादा चाचणीवर सुटतो. अशा सैल तक्त्यांना कव्हरिंग अ‍ॅरे म्हणतात आणि आजची बहुतेक टूल्स तेच वापरतात.

पुढच्या आठवड्यात फडके नक्की : १,५०० चाचण्यांचा बेत ४२२ वर कसा आला, ते. तोवर चार अक्षरं आणि चार आकडे घेऊन १६ घरांचा दुहेरी चौरस भरून पाहा. जमतो, जमला की मला पाठवा.