फिरते घर ओढणारी मोटार

बैलगाडीत पोती कशी रचतात हे तुमच्यापैकी खेड्यात राहणाऱ्यांनी पाहिले असेल. भार मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, म्हणजे जू वर उचलले जाते. पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर ओझे पडते. जाणता गाडीवान जुवावर बेताचाच भार ठेवतो. गेल्या उन्हाळ्यात हाच प्रश्न वेगळ्या रूपात अमेरिकेहून माझ्याकडे आला.

माझा एक जुना विद्यार्थी डेन्व्हर शहरात असतो. त्याला वापरलेली मोठी एसयूव्ही घ्यायची होती. आठवडाभर तीच घेऊन कामावर जायचे आणि सुट्टीत बायकोला व तीन मुलांना घेऊन, मागे चाकांवरचे फिरते घर जोडून, रॉकी पर्वतात मुक्कामाला जायचे. त्याने लिहिले, “सर, जाहिरातीप्रमाणे ही गाडी ३,६०० किलो ओढते. माझे घर सामानासकट २,५०० किलो भरेल. मग प्रश्न सुटला ना?”

मी त्याला कळवले, “जाहिरात ठेव बाजूला. चालकाच्या बाजूचे दार उघड आणि चौकटीवर चिकटवलेली पट्टी वाच.” माणसे आणि सामान मिळून गाडीवर किती भार चालेल, हे त्या पट्टीवर छापलेले असते. अशा गाड्यांत तो आकडा बहुधा ७०० किलोच्या आसपास असतो. फिरत्या घराच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग मोटारीच्या मागच्या जोडणीवर टेकलेला असावा लागतो. बारा टक्के धरले, तर २,५०० किलोंपैकी ३०० किलो झाले. ते याच ७०० मधून वजा होतात! उरलेल्या ४०० मध्ये पाच माणसे, तंबू, शेगडी, सायकली आणि जोडणीचे लोखंड बसवायचे. ओढण्याची ताकद शिल्लक असतानाच वाहण्याची ताकद संपते ती अशी.

आता वहीत एक तरफ काढा. पुढच्या व मागच्या चाकांत ३ मीटर अंतर आहे. जोडणी मागच्या चाकांच्या १.५ मीटर मागे आहे. मागची चाके हा टेकू. जोडणीवरचे ३०० किलो पुढची चाके किती हलकी करतील? ३०० × १.५ ÷ ३, म्हणजे १५० किलो. मागच्या चाकांवर मात्र ४५० किलो वाढतात. वळण घेणारी चाके पुढची, आणि त्यांचीच पकड कमी झाली. म्हणून काही भार पुन्हा पुढे ढकलणारी, स्प्रिंगच्या दांड्यांची जोडणी वापरतात.

मग जोडणीवर भार ठेवूच नये काय? तसे केले तर गाडी उलाळ! वेग वाढला की मागचे घर डावी-उजवीकडे झुलू लागते. ठरावीक वेगापुढे प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि अखेर मोटारही त्यात ओढली जाते. लांब गाडी अशा झोक्यांना अधिक दाद देत नाही. म्हणून ओढण्यासाठी शेव्हरोले सबर्बन ही तिच्याच घराण्यातल्या टाहोपेक्षा बरी. शहरात रोज जागा शोधून ती उभी करणे मात्र शिक्षाच आहे, असे माझे मत.

डेन्व्हरच्या पश्चिमेला आयझेनहॉवर बोगदा आहे. त्याचे पश्चिमेकडचे तोंड समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंच आहे. तेथे हवेची घनता समुद्रकाठच्या सुमारे सत्तर टक्केच असते. साध्या इंजिनाला तितकाच ऑक्सिजन कमी मिळतो व शक्ती घटते. टर्बो असलेले इंजिन हवा दाबून आत घेते, त्यामुळे त्याचे नुकसान कमी होते. फोर्ड एक्स्पीडिशनमध्ये २०१५ पासून असे इंजिन आहे.

परंतु खरी परीक्षा उतारावर. बोगद्यापासून सिल्व्हरथॉर्न गाव सुमारे ६४० मीटर खाली आहे. मोटार व घर मिळून ५,००० किलो धरा. स्थितिज ऊर्जा mgh, म्हणजे ५,००० × ९.८ × ६४०, सुमारे ३ कोटी १० लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेने नव्वद लिटर गार पाणी उकळू लागेल! हवेचा व टायरचा विरोध थोडी ऊर्जा घेतो. बाकीची सगळी ब्रेकच्या तबकड्यांत ओतली तर त्या लाल होतील. म्हणून चालकाने खालचा गिअर टाकून इंजिनाकडूनच गाडी आवरावी, आणि फिरत्या घराला स्वतःचे ब्रेक असावेत. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते व त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. वापरलेल्या गाडीत ते किती जुने आहे हे कोणाला ठाऊक? ते आधी बदलावे.

याखेरीज गाडीखाली वाकून सांगाडा पाहावा. बर्फ वितळवण्यासाठी जेथे रस्त्यावर मीठ टाकतात, तेथील गाड्या लवकर गंजतात. गिअरबॉक्सच्या तेलाला करपट वास आला, तर ती गाडी पूर्वी बेताबाहेर राबली आहे असे समजावे. टायरवरच्या चार आकड्यांत बनवल्याचा आठवडा व वर्ष असते. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा.

माझ्या विद्यार्थ्याने अखेर टर्बोची गाडी घेतली. घर जोडून तो ट्रकच्या वजनकाट्यावर गेला, तर जोडणीवर ३०० ऐवजी ३९० किलो भरले. घराच्या पुढच्या कप्प्यात मुलांनी गोळा केलेले दगड आणि जळाऊ लाकडे होती. लाकडे चाकांच्या वर सरकवली. दगडांवरून घरात अजून वाद चालू आहे.