जकात : उपकार नव्हे, हक्क

रमजान सुरू झाला की बारामती-इंदापूरच्या बाजारात खजुराचे ढीग लागतात. हा खजूर इराण, इराक, सौदीहून येतो. अलीकडे रमजान द्राक्षाच्या हंगामात येतो आहे. त्यामुळे याच दिवसांत आपल्याकडील द्राक्षांचे कंटेनर युरोपकडे निघालेले असतात. इफ्तारच्या ताटात मात्र खजूर आणि द्राक्षे शेजारी असतात.

याच महिन्यात अनेक घरांत जकातचा हिशेब होतो. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त बचत वर्षभर शिल्लक राहिली, तर तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, गरजूंना द्यायचा. कुरआनने याला भीक म्हटलेले नाही. संपन्न माणसाच्या मालमत्तेत गरजूचा हक्क आहे, अशी ती शिकवण आहे. म्हणजे देणारा उपकार करत नाही. ज्याचे आहे, त्याला पोहोचवतो.

देशादेशांतही हाच प्रश्न आहे. ४ डिसेंबर १९८६ रोजी संयुक्त राष्ट्रांनी विकास हा मानवी हक्क असल्याचा जाहीरनामा स्वीकारला. १४६ देश बाजूने होते, आठ तटस्थ राहिले आणि एकट्या अमेरिकेने विरोधात मत दिले. त्याआधी १९७० मध्ये श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाचा ०.७ टक्के वाटा मदतीसाठी द्यावा, असे ठरले होते. बहुतेकांनी तो आजवर दिलेला नाही.

मदत कशी असावी, हे बारामतीच्या जिरायती भागाने पाहिले आहे. दुष्काळाच्या काळात ‘कासा’ या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेकडून आलेले धान्य मजुरी म्हणून देऊन येथे पाझर तलाव बांधले गेले. याच कामातून पुढे अप्पासाहेब पवारांच्या पुढाकाराने कृषी विकास प्रतिष्ठान उभे राहिले. धान्य खाऊन संपले, पण तलाव राहिले आणि आसपासच्या विहिरींना पाणी आले. धान्य कोणत्या धर्माच्या माणसांनी पाठवले, हे त्या पाण्याने कधी विचारले नाही.

मात्र माणूस पायावर उभा राहिला, तरी त्याला बाजाराचे दार उघडे हवे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रकाचे अंश सापडल्याने महाराष्ट्रातील द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. आपल्याकडील निर्यात-तपासणीच्या यादीत तोवर त्याचे नावच नव्हते. खाणाऱ्याच्या आरोग्याची काळजी घेणे रास्तच. पण नियम वेळेवर कळावा, तपासणीची सोय जवळ असावी, हाही पिकवणाऱ्याचा हक्क आहे. नाहीतर चूक कोणाचीही असो, कर्जाचा हप्ता बागायतदाराच्याच माथी बसतो.

म्हणून ईदपूर्वी जकात देताना एक विचार जरूर करावा. एखाद्या कुटुंबाला दरवर्षी थोडे थोडे पैसे देण्याऐवजी चार घरांनी मिळून शिलाई मशीन, हातगाडी किंवा मुलीच्या शिक्षणाची फी दिली तर? वर्षभराने त्या घरी जावे. तेथील गृहिणीने यंदा जकात घ्यायला नकार दिला, ती दुसऱ्या कोणाला द्या म्हणाली, तर आपला हिशेब बरोबर जुळला असे समजावे.