तुटलेला दोर जपून ठेवा

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा माझ्या मामांची लाकडी होडी श्रीवर्धन तालुक्यातल्या एका खाडीत उभी होती. पुढून नांगर आणि मागून धक्क्यावरच्या खुंट्याला बांधलेला जाड दोर. मागचा दोर आधी तुटला. होडी फिरली आणि धक्क्याच्या दगडांवर आपटत राहिली. वारा पडला तेव्हा तिच्या डाव्या कुशीच्या चार फळ्या फुटल्या होत्या आणि इंजिन खाऱ्या पाण्यात बुडालं होतं.

पुढचे कितीतरी दिवस गावात वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती, घरांवर पत्रे नव्हते. त्यात लॉकडाउन. अशा वेळी कुणीही जे केलं असतं तेच मामांनी केलं. चार माणसं गोळा करून होडी ओढून काढली, पाऊस तोंडावर म्हणून सुताराकडून फळ्या बदलून घेतल्या आणि होडी शाकारून टाकली. सिलिंडर मिळत नव्हता, म्हणून फुटक्या फळ्या मामींनी चुलीत घातल्या. महिन्याभराने विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. त्याने होडीला एक फेरी मारली आणि विचारलं, ‘‘जुन्या फळ्या कुठे आहेत?’’ मग विचारलं, ‘‘तुटलेला दोर?’’

मामांकडे दोन्ही नव्हतं. मागितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी पैसे हातात आले. होडी वादळातच फुटली हे सगळं गाव शपथेवर सांगायला तयार होतं. पण दावा मंजूर होतो तो दाखवता येईल अशा वस्तूवर आणि कागदावर. माझ्या मामांसारखी खरी नुकसानी झालेली माणसंच इथे मागे पडतात, कारण त्यांना आधी होडी वाचवायची घाई असते. पुढचं सगळं त्यांच्यासाठी लिहितो आहे.

किनाऱ्यावर सर्वांत मोठा गैरसमज पंचनाम्याचा आहे. तलाठी आला, मत्स्यव्यवसाय खात्याचा माणूस आला, पंचांच्या सह्या झाल्या, की ‘आपलं काम झालं’ असं नाखव्याला वाटतं. पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. निसर्ग आणि तौक्ते वादळांच्या वेळी केंद्राच्या निकषांनुसार अंशतः नुकसान झालेल्या होडीला ४,१०० रुपये आणि पूर्ण नष्ट झालेल्या होडीला ९,६०० रुपये मिळत होते. मे २०२१ मधल्या तौक्तेनंतर राज्य सरकारने ही रक्कम वाढवून १०,००० आणि २५,००० रुपये केली. समुद्राच्या पाण्यात भिजलेलं एक इंजिन उघडून जोडायचं म्हटलं तरी त्याहून कितीतरी जास्त खर्च येतो. होडी पुन्हा पाण्यात लोटायची असेल तर विम्याचाच दावा लागतो, आणि तो वेगळ्या दारात, वेगळ्या अर्जाने करावा लागतो. पंचनाम्याची प्रत मात्र जरूर घ्या. तारीख, जागा आणि नुकसान यांची ती सरकारी नोंद असते आणि दाव्याला तिचा मोठा आधार होतो.

आता दोराकडे येऊ. आपल्याकडे होडीचा विमा १९६३ च्या सागरी विमा कायद्याखाली येतो. या कायद्यात ‘समुद्रातली जोखीम’ म्हणजे अचानक ओढवलेला अपघात. वारा आणि लाटा यांच्या नेहमीच्या माऱ्याने होणारी झीज त्यात बसत नाही. म्हणून सर्व्हेअरच्या डोक्यात दोनच गोष्टी असतात: हे नुकसान वादळाने झालं की होडी आधीच जीर्ण होती? आणि मालकाने होडी नीट बांधली होती का? दोन्हींचं उत्तर त्या दोराच्या टोकात असतं. चांगला दोर ताणाखाली तुटला की त्याचे पीळ लांब, ताजे आणि विस्कटलेले दिसतात. महिनोन् महिने धक्क्याच्या कडेवर घासून तुटलेला दोर मात्र टोकाला झिजून काळा पडलेला असतो. फळीचंही तसंच. वादळात फुटलेल्या लाकडाची चीर आतून उजळ असते. जुन्या चिरेत शेवाळ, काजळी, गंजलेला खिळा सापडतो. फायबरच्या होडीत नवा तडा पांढऱ्या रेषांनी उठून दिसतो. ही खूण ताजी असते तोवरच बोलते. पंधरा दिवस ऊन-पाऊस खाल्ला की नवी चीरही जुनीच दिसायला लागते.

म्हणून होडीला हात लावण्याआधी फोटो. आधी लांबून, धक्का किंवा मागचं एखादं ओळखीचं ठिकाण फ्रेममध्ये येईल असा. मग जवळून, शेजारी टेप किंवा हाताची वीत ठेवून. नोंदणी क्रमांक वाचता येईल असा एक फोटो हवाच, कारण फुटक्या फळीवर होडीचं नाव लिहिलेलं नसतं. मोबाइलमधल्या फोटोवर तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते. तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे पाठवला की ती नोंद बहुधा गळून पडते, तेव्हा मूळ फोटो फोनमध्ये तसाच ठेवा. त्यानंतर दोराची दोन्ही टोकं, फुटक्या फळ्या, वाकलेला शाफ्ट, तुटलेला पंखा एका गोणीत भरून घराच्या पडवीत ठेवा. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत त्यातला एक तुकडाही हलू देऊ नका.

फोटो काढून हातावर हात ठेवून बसायचं, असाही याचा अर्थ नाही. नुकसान वाढू नये म्हणून मालकाने वाजवी खटपट करणं हे कायद्याने त्याचंच काम आहे. पाणी उपसणं, होडी ओढून सुक्यावर घेणं, भोकाला तात्पुरता पत्रा ठोकणं, हे सगळं त्यात येतं. अशा खर्चाची भरपाईही पॉलिसीच्या अटींनुसार मागता येते, म्हणून क्रेनची, पंपाची, मजुरीची पावती घ्या. मजूर पावती देत नसेल तर वहीत काम, दिवस आणि रक्कम लिहून त्याची सही घ्या. पक्की दुरुस्ती मात्र सर्व्हेनंतर. मामांची चूक इथेच झाली.

इंजिनाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण पैसा तिथे जातो. समुद्रात बुडालेलं इंजिन पाण्याखाली असेपर्यंत तितकं बिघडत नाही, जितकं वर काढल्यावर बिघडतं. मीठ आणि हवा एकत्र आली की काही तासांत गंज धरायला लागतो. म्हणून वर काढताक्षणी गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवायचं, पाणी पूर्ण काढायचं आणि डिझेल किंवा ऑइल भरून ठेवायचं. मेकॅनिक मिळेपर्यंत चालू करून बघायचं नाही. असं केलं नाही तर सर्व्हेअर म्हणू शकतो की वादळाचं नुकसान थोडं होतं, बाकीचं दुर्लक्षाने झालं. धुतानाचा एक छोटा व्हिडिओ काढून ठेवा.

हे सगळं चालू असतानाच कंपनीला कळवायचं. फोनवर कळवलं तरी लेखीही कळवा: ईमेलने, मेसेजने, तेही जमत नसेल तर शाखेत अर्ज देऊन पोच घ्या. पॉलिसी क्रमांक, होडीचा नोंदणी क्रमांक, दिवस, वेळ, जागा आणि काय झालं, एवढ्या चार ओळी पुरतात. दावा क्रमांक मागून घ्या. निसर्गच्या वेळेसारखी रेंजच नसेल तर उशिराचं कारण अर्जातच लिहा. विमा नियामक संस्थेने २०११ मध्येच कंपन्यांना बजावलं आहे की केवळ उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळू नये. उशिराचं कारण मात्र तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

सर्व्हेअर कंपनी नेमते, पण त्याचा परवाना नियामक संस्थेचा असतो आणि त्याने नुकसानीचं निष्पक्ष मोजमाप करायचं असतं. त्याच्याशी भांडू नका, त्याच्यापासून काही लपवूही नका. मागच्या वर्षी जुनी फळी बदलली असेल तर तेही सांगा. सागरी विमा दोन्ही बाजूंच्या पूर्ण खरेपणावर उभा आहे आणि एक लपवलेली गोष्ट बाकीच्या दहा खऱ्या गोष्टींवर संशय आणते. त्याच्यासमोर कागद ठेवा: पॉलिसी, होडीची नोंदणी, मासेमारीचा परवाना, खलाशांची यादी, दुरुस्तीचे अंदाज, पंचनामा आणि त्या दिवसाचं हवामान खात्याचं निवेदन. बंदरात कितव्या नंबरचा धोक्याचा बावटा लागला होता हेही महत्त्वाचं. होडी समुद्रात असताना नुकसान झालं असेल तर ती कधी बाहेर पडली याची नोंद, तांडेलाचा जबाब आणि वायरलेसवरून कुणाशी बोलणं झालं तेही लागतं. इशारा लागल्यानंतर होडी बाहेर गेली असेल तर दावा अवघड होतो. सर्व्हे अहवालाची प्रत लेखी अर्ज करून मागून घ्या.

दुरुस्तीच्या अंदाजाबाबत आमच्याकडच्या सुतारांची अडचण होते. पिढ्यान् पिढ्या होड्या बांधणाऱ्या माणसाकडे लेटरहेड नसतं, आणि तो ‘सगळं मिळून इतके’ असं तोंडी सांगतो. त्याच्याकडून साध्या कागदावर लिहून घ्या: कोणतं लाकूड, किती फूट, किती जाडी, कलाफत (फळ्यांच्या फटी बुजवण्याचं काम) किती, मजुरीचे दिवस किती. फोड करून लिहिलेली रक्कम कापणं कंपनीलाही कठीण जातं.

पैशांचा हिशेब करताना तीन ठिकाणी धक्का बसतो. पहिलं, ठरावीक कपातीची रक्कम, जी प्रत्येक दाव्यात मालकाने सोसायची असते. दुसरं, जाळी. बऱ्याच पॉलिसींत जाळी आणि दोर यांना होडीइतकं संरक्षण नसतं. तिसरं, कर्ज. होडी बँकेकडे गहाण असेल तर पैसे आधी बँकेच्या नावे निघू शकतात. किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या होडीलाही संरक्षण आहे का, हेही पॉलिसीत पाहून घ्या. पावसाळी बंदीच्या दोन महिन्यांत होडी तिथेच असते, आणि तिच्यावर माड पडू शकतो.

दावा फेटाळला तर कारण लेखी मागा, आणि पॉलिसीतलं कोणतं कलम लावलं तेही. रक्कम कमी वाटत असेल तर ‘पूर्ण आणि अंतिम’ लिहिलेल्या कागदावर तशीच सही करू नका, आपला आक्षेप त्याच कागदावर लिहा. मग कंपनीच्या तक्रार कक्षाकडे अर्ज द्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. एकट्या मालकाच्या छोट्या व्यवसायाची तक्रारही तिथे चालते. वकील लागत नाही, फी नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतचा निवाडा लोकपाल देऊ शकतो. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत मात्र जायला हवं. लोकपालाची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत. ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे, तिथे मुदत दोन वर्षांची.

मामांनी यातलं पुढचं काहीच केलं नाही. मिळाले तेवढे पैसे घेतले, बाकीचे उसने काढले आणि होडी समुद्रात घातली. आता त्यांच्या घरी डाळीचा जुना हवाबंद डबा आहे. त्यात पॉलिसी, नोंदणी, परवाना आणि होडीचे चारी बाजूंचे फोटो असतात. दर वर्षी होडी शाकारण्याच्या दिवशी ते नवे फोटो काढतात. नवा दोर घेतला की दुकानाची पावती त्याच डब्यात जाते.

एक गोष्ट मात्र कोणत्याही दाव्यासाठी करू नका. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्यावरून जात असताना देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या होड्या वाहून गेल्या आणि त्यांच्यावर असलेले काही खलाशीही जिवाला मुकले. मालकाने वाजवी खटपट करावी एवढंच कायदा सांगतो. वादळात होडीवर माणूस ठेवा, असं तो सांगत नाही. बावटा लागला की दोर दुप्पट करा, फोटो काढा आणि सगळ्यांना धक्क्यावर उतरवा.