नदीकाठचा न्याय

त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी मराठवाड्यातून वाहत नांदेडला येते. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंगजी यांनी १७०८ साली येथेच देह ठेवला. नांदेडच्या घाटांवर दूरदूरचे यात्रेकरू भक्तिभावाने स्नान करतात. परंतु याच नदीला शहराच्या सांडपाण्याचे नालेही येऊन मिळतात.

पाणी उताराकडे धावते. म्हणून सबंध शहराची घाण नदीकाठच्या सखल जागी गोळा होते. सखल जागा स्वस्त असते. तेथे बहुधा मोलमजुरी करणारी कुटुंबे राहतात. घाण सर्वांची, दुर्गंधी, डास आणि रोगराई मात्र थोड्यांच्या वाट्याला! पावसाळ्यात पूर आला म्हणजे नाल्याचे पाणी त्यांच्याच घरांत शिरते. हा भार सर्वांनी सारखा वाहावा आणि शुद्ध हवापाणी सर्वांस सारखे मिळावे, यालाच पर्यावरणीय न्याय म्हणतात.

नदी दूषित कशी होते? सांडपाण्यातील घाण कुजवणारे सूक्ष्म जीव पाण्यातील प्राणवायू वापरतात. घाण जितकी अधिक, तितका प्राणवायू अधिक खर्च होतो. शेवटी मासे गुदमरून मरतात. हा खर्च मोजता येतो. स्नानास योग्य अशा पाण्यात तो दर लिटरला ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावा, असे प्रमाण ठरलेले आहे. वाहते पाणी कमी झाले की तीच घाण अधिक तीव्र होते. लातूरजवळून वाहणारी मांजरा ही गोदावरीचीच उपनदी. २०१६ सालच्या दुष्काळात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. जेथे पाण्याचा एवढा तुटवडा, तेथे उरलेले पाणी निर्मळ राखणे किती अगत्याचे आहे, हे सांगावयास नको.

हे काम पाहण्यासाठी महाराष्ट्राने १९६९ साली कायदा केला आणि १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. नांदेड व लातूर येथेही त्याची कार्यालये आहेत. मंडळाच्या संमतीवाचून कारखान्याला सांडपाणी नदीत सोडता येत नाही. तपासणीची रीतही न्यायाची आहे. अधिकारी कारखानदारासमक्ष पाण्याचा नमुना घेतो, त्याचे दोन भाग करतो आणि दोन्हींवर मोहोर लावून उभयतांच्या सह्या होतात. त्यामुळे कोणावर खोटा आळ येत नाही व खऱ्या दोष्याला सबब उरत नाही. प्रसंगी कारखान्याची वीज व पाणी तोडण्याचा आदेशही मंडळ देऊ शकते.

२०१८ साली केंद्रीय मंडळाने देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील होते. नाशिकपासून नांदेड जिल्ह्यातील राहेरपर्यंतचा गोदावरीचा पट्टा त्यांत होता.

परंतु केवळ नोंद केल्याने नदी शुद्ध होत नाही. शहराचे सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे बांधणे व ती अखंड चालवणे हे नगरसंस्थेचे कर्तव्य आहे. त्यासाठी पैसा नाही, असे म्हणून चालेल काय? मध्य प्रदेशातील रतलामच्या नगरपालिकेने हीच सबब सांगितली होती. तेथील एका वस्तीतील लोकांनी उघड्या गटारांना कंटाळून न्याय मागितला आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला, की पैशाच्या सबबीवर नगरपालिकेला स्वच्छतेचे कर्तव्य टाळता येणार नाही. पुढे १९९१ साली त्याच न्यायालयाने सांगितले, की निर्मळ पाणी व हवा यांचा उपभोग हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

म्हणून नाल्याचे तोंड बंद होणे हे नदीकाठच्या माणसांवर कोणी केलेले उपकार नव्हेत. तो त्यांचा हक्क आहे. मंडळाने निर्भयपणे मोजावे, नगरसंस्थेने तत्परतेने बांधावे आणि नागरिकांनी जागरूकपणे विचारावे. ही तिन्ही कर्तव्ये पार पडतील, तेव्हाच घाटावरच्या यात्रेकरूला आणि नाल्याकाठच्या मुलाला एकाच गोदावरीचे सारखेच निर्मळ पाणी मिळेल.