'पद्मिनी' गाडी का थांबली?



एकदा मोठ्या कारखान्यात नोकरी लागली की जन्माची चिंता मिटली, असे आपल्याकडे अनेक पालक मानतात. परंतु मोठे कारखानेही बंद पडतात. ते का, हे समजावे म्हणून आपल्या देशातील मोटारधंद्याची हकिगत आम्ही येथे देत आहोत.

सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईत कुर्ला येथे तिचा कारखाना होता. आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या आणि पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने तेथे गाड्या बनू लागल्या. आपले आजी-आजोबा जिला 'फियाट' म्हणतात, तीच ही गाडी. १९७० च्या दशकात तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घराघरात माहीत झाली. तिची जोडीदार म्हणजे बंगालमधील उत्तरपाडा येथे बनणारी हिंदुस्थान मोटर्सची अॅम्बॅसडर.

त्या काळी परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक बंधने होती. किती गाड्या बनवायच्या, तेही सरकारी परवान्यावर ठरे. त्यामुळे गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहत बसे. माल आपोआप खपत असल्यामुळे त्यात सुधारणा करण्याची निकड कोणालाच भासली नाही. १९६० च्या दशकातील गाडी थोड्याफार फरकाने तशीच चालू राहिली. संरक्षण रोपट्याला कुंपण म्हणून दिले होते, पण झाड कुंपणालाच टेकून उभे राहिले.

डिसेंबर १९८३ मध्ये जपानच्या सुझुकीच्या साहाय्याने मारुती ८०० आली. ती हलकी होती आणि तिला पेट्रोल कमी लागे. १९९३ मध्ये मोटारींवरील परवाना पद्धतही गेली. प्रीमियरने प्यूजो व फियाट या परदेशी कंपन्यांशी भागीदारी केली. उनो गाडीसाठी लोकांनी भरभरून नोंदणी केली. परंतु कामगार तंटे आणि अपुरे उत्पादन यांमुळे गाड्या वेळेवर मिळाल्या नाहीत आणि लोकांचा विश्वास उडाला. २००० च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. अॅम्बॅसडर मे २०१४ मध्ये बंद झाली. मुंबईतील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

मग दोष केवळ परदेशी स्पर्धेचा का? तसे म्हणता येत नाही. टाटांनी १९९८ मध्ये इंडिका ही भारतात विकसित केलेली गाडी आणली. पुढे अडचणी त्यांनाही आल्या, पण ते टिकून राहिले. नवी गाडी स्वतः घडवण्याची विद्या ज्यांनी जोपासली ते तरले. उसन्या नमुन्यावर विसंबलेले मागे पडले.

कारखाना बंद पडतो तेव्हा फक्त मालकाचे नुकसान होत नाही. सुटे भाग बनवणारे, गॅरेजवाले, जवळपासचे खाणावळवाले अशा सर्वांच्या चुलीवर त्याचा परिणाम होतो. डिचोली तालुक्याला हे वेगळे सांगायला नको. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या, तेव्हा दारात उभे राहिलेले ट्रक आपण सर्वांनी पाहिले आहेत.

सत्तरीतील होंडा येथे बसगाड्यांचे सांगाडे बनवणारा कारखाना आहे. पेडणे-डिचोलीच्या मुलांनी अशा ठिकाणी जरूर काम करावे. मात्र वेल्डिंग शिकणाऱ्याने नकाशा वाचायलाही शिकावे, आणि मोटार मेकॅनिकने विजेवर चालणाऱ्या गाड्यांचीही माहिती घ्यावी. कारखान्याचे दार कधी बंद होईल हे आपल्या हाती नसते, पण हातातली विद्या वाढवत राहणे आपल्या हाती असते. पालकांनीही मुलांचा मार्ग ठरवताना याचा विचार करावा, ही विनंती.