हुकूमशहा

हुकूम शब्द अरबी, शहा फारसी. इंग्रजी ‘डिक्टेटर’ला मराठीत आपण हुकूमशहा म्हणतो. हा डिक्टेटर मूळचा लॅटिन. शाळेतलं डिक्टेशनही त्याच धातूतलं, म्हणजे एकाने सांगायचं, बाकीच्यांनी निमूट उतरवायचं!

पण प्राचीन रोममध्ये ते चक्क कायदेशीर पद होतं. युद्धाचं संकट आलं की कॉन्सल एकाची नेमणूक करायचा, जास्तीत जास्त ६ महिन्यांसाठी. मला या मुदतीचंच महत्त्व वाटतं. इ.स.पू. ८२ मध्ये सुल्ला बिनमुदत डिक्टेटर झाला. निदान त्याने पुढे पद सोडलं तरी. इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझर तहहयात डिक्टेटर झाला आणि काही आठवड्यांतच मारला गेला. त्याच वर्षी त्याच्याच गोटातल्या अँटनीने कायदा करून हे पद रद्द केलं.